कुंडीतला मका आणि बांधावरचा कुर्डू: वनस्पती-विषाक्तता चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि कृषी शाखेच्या मुलांचे प्रकल्प बघताना दरवर्षी तेच प्रश्न फिरून समोर येतात. एकदाच लिहून टाकावेत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

चाचणी "परिसंस्थेच्या दृष्टीने अर्थपूर्ण" असावी म्हणतात. म्हणजे कशी?

एखाद्या रसायनाने झाडाला इजा होते का, हे कुठल्याही चाचणीत कळतं. मात्रा पुरेशी वाढवली की मीठसुद्धा झाड मारतं. खरे प्रश्न पुढचे आहेत. इजा कुठल्या झाडाला, वाढीच्या कुठल्या टप्प्यावर, रसायन कुठल्या वाटेने आणि किती पोचल्यावर होते? आणि त्या इजेनंतर पुढच्या पावसाळ्यात ते झाड त्या जागी दिसणार का?

बांधावरचा कुर्डू घ्या. पावसावर उगवायचं, तुरे काढायचे, बी टाकून वाळून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. शेजारच्या वावरातून तणनाशकाचे शिंतोडे आले. कुर्डू मेला नाही, चार बोटं खुजा राहिला आणि तुरे मात्र आले नाहीत. आपल्या वहीत त्याच्यापुढे "जिवंत" अशी नोंद होते. बांधावर त्या वर्षीचं बी पडलेलंच नसतं. जमिनीत जुनं बी शिल्लक असल्यामुळे एकदोन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आधी ठरवायचं की आपल्याला काय वाचवायचं आहे. शेजारच्याचं पीक, बांधावरची रानभाजी, मधमाश्यांचा चारा की तळ्यातली पाणवनस्पती? प्रजाती, मात्रा, कालावधी हे सगळं त्यानंतर. आमच्याकडे बहुतेक मुलं उलट्या क्रमाने येतात: "सर, मूग आणलेत, आता काय टेस्ट करू?"

प्रमाणित पद्धती आधीच आहेत. त्या पाळल्या की झालं, नाही का?

पाळाव्यातच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेची २०८ क्रमांकाची पद्धत रोपं उगवण्याची आणि सुरुवातीच्या वाढीची आहे. ती १९८४ साली आली आणि २००६ मध्ये सुधारली गेली. त्यात रसायन मातीत मिसळतात किंवा मातीच्या पृष्ठभागावर फवारतात. तुलनेच्या कुंड्यांमधली, म्हणजे कंट्रोलमधली, निम्मी रोपं उगवली की तिथून १४ ते २१ दिवस मोजायचे. किती उगवली, किती जगली, उंची, शेंड्याकडच्या भागाचं वजन आणि डोळ्यांना दिसणारी इजा एवढं नोंदवायचं. कंट्रोलमध्ये किमान ७० टक्के उगवण हवी आणि उगवलेल्यांतली ९० टक्के जगायला हवीत. नाहीतर चाचणी बाद.

तिची बहीण २२७ क्रमांकाची, २००६ मधलीच. दोन ते चार खरी पानं आलेल्या रोपांवर फवारायचं आणि २१ ते २८ दिवस बघायचं.

दोन्ही पद्धती उत्तम शिस्तीच्या आहेत. पण दोन्ही कोवळ्या रोपापाशी थांबतात. फूल, फळ, बी यांपर्यंत जातच नाहीत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत, हा त्यांचा हेतू. बांधावर काय होईल याचा अंदाज ही पुढची पायरी आहे, आणि ती आपल्याला स्वतः बांधावी लागते.

बहुतेक चाचण्यांत पिकंच का असतात?

सोयीचं आहे म्हणून. मका, ओट, कांदा, सोयाबीन, टोमॅटो, काकडी, कोबी, मुळा, गाजर यांचं बी कुठेही मिळतं, एकाच वेळी उगवतं आणि रोपं एकसारखी वाढतात. अमेरिकेच्या पद्धतीत दहा प्रजाती लागतात: चार एकदल, सहा द्विदल, आणि त्यांत मका, सोयाबीन व एखादं कंदमूळवर्गीय पीक हवंच.

एकसारखेपणा हाच इथे गुण आणि हीच खोट. पिकांचं बी आपण हजारो वर्षं निवडत आलो. टपोरं, पटकन उगवणारं, साठा भरपूर असलेलं. सोयाबीनच्या दाण्यात रोपाला पहिले कितीतरी दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. कुर्डूचं बी खसखशीसारखं बारीक. उगवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला स्वतःच कमवून खावं लागतं. शिवाय रानझाडांच्या एकाच पिशवीतल्या दोन बिया सख्ख्या बहिणींसारख्या वागतील याची खात्री नसते.

रानझाडं नेहमीच जास्त नाजूक असतात असा सरसकट नियम मात्र नाही. काही तणनाशकांना पिकं आधी बळी पडतात, काहींना रानातली. कॅनडातल्या सेलीन बूतां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांबाहेरच्या प्रजातींवर बरंच काम केलं आहे. त्यातून पुढे येतं ते हे, की एका कुळाच्या उत्तरावरून दुसऱ्या कुळाचं उत्तर गृहीत धरू नये. तुमच्या यादीत गवतं, शेंगवर्गीय, माठाच्या कुळातली आणि सूर्यफुलाच्या कुळातली अशी सरमिसळ असली, तर निदान चारी दिशांना खडा टाकून पाहिल्यासारखं होईल.

फिल्टर पेपरवर मूग उगवले. म्हणजे पाणी बिनविषारी?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

एकदा एका गटाने मळीपासून दारू गाळल्यानंतरचं सांडपाणी आणलं होतं. स्पेंट वॉश, गूळ जळाल्यासारखा वास, रंग काळ्या चहासारखा. पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर पंचवीस मूग, वरून पातळ केलेलं सांडपाणी. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर बहुतेक सगळे दाणे फुटलेले. मुलांनी खुशीत "शंभर टक्के उगवण" लिहून टाकलं. मी एक दाणा चिमट्याने उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवला. मोड होता, पण मूळ जेमतेम अर्धा सेंटिमीटर आणि टोकाला तपकिरी, काडीपेटीतल्या विझलेल्या काडीसारखं. शेजारी साध्या पाण्यातला दाणा ठेवला. त्याचं मूळ तर्जनीच्या दोन पेरांएवढं, पांढरंशुभ्र, बारीक लव आलेली. दोन्ही दाणे "उगवलेले".

उगवण ही तशी ढिम्म मोजणी आहे. बीजकवच बरंच अडवून धरतं आणि आतला गर्भ स्वतःच्या साठ्यावर जगत असतो. बाहेरच्या पाण्याशी त्याचा खरा व्यवहार मूळ बाहेर पडल्यावर सुरू होतो. म्हणून मुळाची लांबी उगवणीपेक्षा सहसा जास्त बोलकी असते. कांद्याच्या मुळांवरची चाचणी आल्बर्ट लेव्हान या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३८ साली मांडली आणि ती आजही कॉलेजांत चालते, ती याच कारणाने.

त्या प्रकल्पात आणखी एक भोक होतं. कच्चा स्पेंट वॉश आंबट असतो आणि त्यात पोटॅशसकट क्षार भरपूर असतात. मूळ करपलं ते आम्लामुळे, क्षारांमुळे की आणखी कशामुळे? हे कळायला तेवढ्याच सामूचं (पीएचचं) आणि तेवढ्याच विद्युतवाहकतेचं, पण बाकी काही नसलेलं पाणी एका वेगळ्या कंट्रोलमध्ये हवं होतं. ते ठेवलंच नव्हतं. पुढच्या सत्रात ठेवलं.

आणि सगळ्यांत साधी गोष्ट: ते पाणी शेतात जातं तेव्हा मातीतून जातं. फिल्टर पेपरला ना चिकणमाती, ना सेंद्रिय कर्ब, ना जिवाणू. पेपरवरची चाचणी ही चाळणी म्हणून ठीक आहे. तिच्यावरून शेताबद्दल निवाडा करू नये.

मग मोजायचं काय?

जे झाडाच्या पुढच्या पिढीशी जोडलेलं आहे ते. वर्षायू झाडात बियांची संख्या आणि त्या बिया पुन्हा उगवतात का. बहुवर्षायूत कंद, खोड, फुटवे.

यामागे एक धडा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत जॉन फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी क्लोरसल्फ्युरॉन या तणनाशकावर काम केलं. शेतात मारायच्या मात्रेचा अगदी छोटा अंश फुलोऱ्याच्या सुमारास झाडावर पडला, तर पानांवर फारसं काही दिसत नाही, पण फळ किंवा बी घटतं, असं त्यांना आढळलं. चेरीच्या बागांची काळजी त्यातूनच पुढे आली. कोवळ्या रोपाचं वजन करून हे कधीच सापडलं नसतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये लक्ष्य नसलेल्या वनस्पतींबद्दल जे मत दिलं, त्यातही प्रजननाचे टप्पे बघण्यावर भर आहे.

अडचण वेळेची असते, हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे लवकर बी धरणारी रानझाडं निवडणं. हंगामात लावलेला कुर्डू किंवा तांदुळजा एका सत्रात बसतो.

टू-फोर-डी आणि कपाशीचं उदाहरण सगळे का देतात?

कारण त्यात सगळंच दिसतं. टू-फोर-डी हे मुख्यतः रुंद पानांच्या तणांसाठीचं, झाडाच्या वाढ-संप्रेरकाची नक्कल करणारं तणनाशक. उसात, मक्यात, गव्हात चालतं, कारण ती गवतं. कपाशी आणि द्राक्ष मात्र त्याला विलक्षण हळव्या. उसावर फवारलेला पंप नीट न धुता कपाशीला कीटकनाशक मारायला घेतला, तरी तळाशी राहिलेला अंश पुरतो. आठवड्याभरात शेंड्याची नवी पानं अरुंद, शिरा एकमेकींना चिकटून समांतर, बोटं फुटल्यासारखी दिसतात. शेतकरी म्हणतो, "कपाशीची भेंडी झाली." याहून नेमकं लक्षणवर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

आता कल्पना करा की तुम्ही गहू, मका आणि ओट घेऊन टू-फोर-डी तपासलं. निकाल स्वच्छ येईल. चाचणी चुकलेली नसेल, प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला असेल.

दुसरं असं, की पानाची इजा आणि उत्पन्नातली घट यांचा हिशेब सरळ जुळत नाही. लहानपणी वाकडी झालेली कपाशी पुष्कळदा सावरते. पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरायच्या वेळी बसलेला तेवढाच फटका महागात पडतो. त्यामुळे "इजा टक्के" असा एकच स्तंभ भरून थांबू नका. किती दिवसांनी सावरली, पात्या किती गळल्या, बोंडं किती धरली, हेही लिहा.

पाण्यासाठी लेम्नाची चाचणी आहे. ती पुरते का?

डबक्यावर हिरवी साय धरते ती बारीक पानांची लेम्ना. ओईसीडीच्या २२१ क्रमांकाच्या पद्धतीत सात दिवसांत कंट्रोलमधली पानं किमान सातपट व्हावी लागतात, एवढी ती झपाट्याने वाढते. हाताळायला सोपी आणि स्वस्त.

पण लेम्ना एकदल आहे आणि तिची मुळं पाण्यातच लोंबकळतात, चिखलात जात नाहीत. म्हणजे टू-फोर-डीसारख्या द्विदलांवर चालणाऱ्या रसायनाला ती दाद देत नाही, आणि गाळात साचणारं रसायन तिला भेटतच नाही. गंमत अशी, की अमेरिकेतल्या तलावांत बोकाळलेलं मिरिओफायलम मारायला टू-फोर-डीच वापरतात. ही द्विदल, तळाच्या गाळात मुळं रोवणारी पाणवनस्पती. एकाच तळ्यातल्या एका झाडावर काही परिणाम नाही आणि दुसऱ्याचा नायनाट! शेवटी २०१४ मध्ये मिरिओफायलमवरच्या दोन पद्धती, २३८ आणि २३९, आल्या. पहिली गाळाशिवाय, दुसरी गाळासकट.

माती कुठली घ्यावी? नर्सरीतलं तयार मिश्रण चालेल?

कोकोपीट आणि शेणखताने भरलेलं मिश्रण बरीचशी रसायनं स्वतःच धरून ठेवतं. रोपं टवटवीत राहतात आणि रसायन सौम्य भासतं. २०८ पद्धतीत म्हणूनच कमी सेंद्रिय कर्बाची, दीड टक्क्यापर्यंतची, हलकी माती सुचवली आहे.

आपली काळी माती त्या वर्णनात बसत नाही. चिकण जास्त, सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. याचा थेट परिणाम होतो: सल्फोनिलयुरिया गटातली तणनाशकं आम्लधर्मी मातीत लवकर मोडतात आणि विम्लधर्मी मातीत रेंगाळतात. सहा सामूच्या मातीत चाचणी करून "पुढच्या पिकाला धोका नाही" म्हणाल, आणि विदर्भातल्या वावरात त्याच औषधाचा अंश पुढच्या हंगामातल्या द्विदल पिकाची मुळं आखडेल. प्रश्न ज्या मातीचा, चाचणी त्या मातीत. तुलनेसाठी प्रमाणित मातीची एक रांग सोबत ठेवा.

जड धातूंबाबत उलटी चूक होते. झिंक सल्फेट पाण्यात विरघळवून आज मातीत ओतलं आणि उद्या बी पेरलं, तर विषारीपणा फुगून दिसतो. धातू मातीत मुरायला, कणांना चिकटायला वेळ लागतो. शिवाय विद्राव्य क्षारामुळे मातीच्या पाण्याची खारटपणाची पातळी वाढते ती वेगळीच. माती ओली-सुकी करत काही आठवडे मुरू द्या, जमल्यास पाण्याने धुऊन निचरा करा, मग पेरा.

मात्रा कशा ठरवायच्या?

झाडापर्यंत प्रत्यक्ष किती पोचेल, तिथून सुरुवात करा. जर्मनीत ट्रॅक्टरच्या फवाऱ्याने उडणाऱ्या तुषारांची मोजमापं झाली आहेत. शेतपिकांसाठी कडेपासून १ मीटरवर मारलेल्या मात्रेच्या २.७७ टक्के आणि ५ मीटरवर ०.५७ टक्के हे आकडे युरोपात नेहमी वापरतात. पाठीवरच्या पंपाने, वाऱ्याच्या दिवशी, नळी उंच धरून मारणाऱ्या माणसाला ते लागू होतील असं समजू नका. बांधावर कागदाच्या पट्ट्या ठेवून रंगीत पाणी फवारून बघा, दुपारभरात अंदाज येतो. मग शेतातल्या मात्रेच्या ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० टक्के अशी तिपटीची शिडी लावा.

काही रसायनं तुषारांनी नाही, वाफेने जातात. डायकांबा हे तणनाशक त्यातलं. ते सहन करणारं सोयाबीन अमेरिकेत आल्यानंतर, २०१७च्या हंगामात न सहन करणाऱ्या सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला इजा झाल्याचं मिसुरी विद्यापीठातल्या संकलनात आलं. त्यात तुषार किती आणि वाफ किती यावर पुष्कळ भांडणं झाली. रोपावर थेट फवारलेल्या चाचणीत ही वाफेची वाट उमटत नाही. त्यासाठी फवारलेली माती आणि रोपं प्लास्टिकच्या बुटक्या बोगद्याखाली शेजारी-शेजारी ठेवतात.

सगळ्यांत कमी मात्रेत रोपं कंट्रोलपेक्षा जोमदार झाली. प्रयोग फसला?

नाही. ग्लायफोसेट, टू-फोर-डी यांच्या अत्यल्प मात्रेत वाढ थोडी उसळते, हे अनेकांनी पाहिलं आहे. आकडा खोडू नका. "तणनाशक फायदेशीर" असा निष्कर्षही काढू नका. उंची वाढली म्हणजे बी वाढलं असं होत नाही.

रानबियाणं उगवतच नाही. ७० टक्क्यांची अट कशी पाळू?

पेरण्याआधी त्याची झोप मोडावी लागते. टाकळ्याचं बी घ्या. कवच इतकं टणक की पाण्यात आठवडाभर ठेवलं तरी खड्यासारखंच. पॉलिश पेपरचे दोन तुकडे घ्यायचे, मध्ये मूठभर बी, आणि चकाकी जाऊन कवच मळकट दिसेपर्यंत चोळायचं. रात्रभर भिजत घातलं की सकाळी फुगलेलं बी वेगळं ओळखू येतं. फुगलेलं तेवढंच पेरा.

दुसरा मार्ग: ट्रेमध्ये आधी भरपूर रोपं करा आणि एकाच वयाची, दोन खऱ्या पानांची रोपं निवडून चाचणीच्या कुंड्यांत लावा. उगवणीचा टप्पा त्यात निसटतो, ते अहवालात लिहायचं. बी कुठून, कोणत्या महिन्यात, किती झाडांवरून गोळा केलं हेही लिहा. एकाच झाडावरचं बी नको.

काचगृहातली रोपं आणि शेतातली रोपं यांच्यात एवढा फरक पडतो?

पडतो, आणि दोन्ही बाजूंनी. आत लाडात वाढलेल्या रोपाच्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो, रसायन लवकर आत शिरतं. म्हणजे इजा जास्त दिसते. उलट, कुंडीत ते एकटं असतं. पाणी वेळेवर, शेजारी कुणी नाही, चरायला शेळी नाही. बांधावर तेच रोप आठ दिवस मागे पडलं की शेजारचं गवत त्याच्यावर सावली धरतं आणि विषय संपतो.

यावर स्वस्त उपाय आहे: काही कुंड्यांत चाचणीच्या रोपाशेजारी एखादं जोमदार गवत लावा. त्या कुंड्यांतले आकडे आणि एकट्या रोपांचे आकडे शेजारी ठेवून पाहा.

कासच्या सड्यावरच्या फुलांसाठी हीच पद्धत वापरता येईल?

जवळजवळ नाहीच. तिथे कातळावर बोटभर माती, पोषणद्रव्यं नगण्य, पावसाळ्यात सतत ओल. सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती खतावलेल्या कुंडीत रसायनाशिवायच मरतील. त्यांच्या बाबतीत खत हेच तपासण्याजोगं "विष" ठरू शकतं. शिवाय बी किंवा रोपं आणायला वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळे सुरुवात जवळच्या, विपुल असलेल्या नातेवाईक प्रजातीपासून करा.

अहवालात एनओईसी द्यावा की ईसी?

ईसी, म्हणजे ठरावीक टक्के परिणाम घडवणारी मात्रा. एनओईसी, म्हणजे "परिणाम न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा", ही तुम्ही निवडलेल्या शिडीवर आणि कुंड्यांच्या संख्येवर अवलंबून असते. कुंड्या कमी ठेवल्या की फरक सिद्ध होत नाही आणि रसायन आपोआप निर्दोष ठरतं! अमेरिकेत २५ टक्के घट घडवणारी मात्रा बघतात, युरोपात प्रामुख्याने ५० टक्क्यांची. तुम्ही दोन्ही द्या, विश्वास-मर्यादांसकट.

हाताशी तीन महिने आणि वीस कुंड्यांची जागा आहे. काय करू?

प्रजाती दोनच घ्या, पण एक पीक आणि एक बांधावरचं झाड. प्रत्येकी दहा कुंड्या: चार मात्रा आणि कंट्रोल, दोन-दोन कुंड्यांत. एका कुंडीत चार-पाच रोपं असली तरी हिशेबात कुंडी एकच धरायची. रोपांना स्वतंत्र नमुने समजण्याची चूक परीक्षकांच्या लगेच लक्षात येते. दोन कुंड्या फारच तुटपुंज्या आहेत, म्हणून जूनमध्ये एक फेरी आणि ऑगस्टमध्ये तीच पुन्हा करा. पहिल्या फेरीतली रोपं कापून वजन करायची घाई नको. प्रत्येक कुंडीतली दोन रोपं तशीच राहू द्या, तुरे आले की त्यांवर कागदी पिशव्या बांधा, आणि बी मोजूनच प्रकल्प जमा करा.